कॅरिअर रिकामं ठेवायचं

सुकदेव मिस्त्रीच्या सायकलची घंटी वर्षभरात एकदाच वाजली. एरवी ती दाबली की नुसतं ठप्प व्हायचं, कारण घंटीच्या टोपीत त्याने व्हॉल्व्हच्या रबरी नळ्या ठासून भरल्या होत्या. कुणी आडवं आलं की हा तोंडाने "ओ भाऊ, ओ भाऊ" करत वाट काढायचा. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, जगाच्या सायकली दुरुस्त करतोस आणि तुझ्या घंटीला आवाज नाही?" तर म्हणाला, "आवाज काढून काय करू गुरुजी? तेवढ्या जागेत दीड डझन नळ्या मावतात."

मी मराठी शाळेतला मास्तर. बमरोलीत आमची आणि सुकदेवची खोली एकाच ओळीत, मधे दोन दारं सोडून. तो पारोळ्याकडचा, मी अमळनेरचा, म्हणजे सुरतेत आम्ही गाववालेच. माझ्याशी बोलताना तो जपून पुस्तकी मराठी बोलायचा, बायकोशी अहिराणी. मी मोठा शिकलेला आहे अशी त्याची समजूत होती. ती समजूत त्याने करून घेतली नसती तर बरं झालं असतं.

जागेच्या या नादाचं मूळ पंचाण्णव सालात. त्याआधी बमरोलीच्या रस्त्याला कडुनिंबाखाली त्याची टपरी होती. चार बांबू, वर ताडपत्री, हत्यारांची लाकडी पेटी, पंचर शोधायला पाण्याचं घमेलं आणि एक पत्र्याची पाटी. पाटीवर त्याने स्वतः रंगवलं होतं : 'पंचर गाडीवर बसू नये. ट्यूब आणि रिम दोन्ही जातात.' खाली तेच गुजरातीत. शुद्धलेखन मी तपासून दिलं होतं, आणि चहा पिऊन आलो होतो.

मग पंचाण्णवच्या अखेरीला रस्ता रुंद झाला. कडुनिंब गेला, टपरी गेली. शहर स्वच्छ झालं, मोकळं झालं, हे मी नाकारत नाही. मीही वर्गात मुलांना त्यावर निबंध लिहायला लावला. पण सुकदेव त्यानंतर सहा महिने बसायला हातभर जागा शोधत होता. चहावाल्याच्या शेजारी बसला, तर चहावाला म्हणाला गिऱ्हाइकाच्या कपड्याला काळं लागतं. कारखान्याच्या भिंतीला बसला, तर वॉचमनने उठवलं. देवळाच्या कोपऱ्यावर बसला, तिथून तर अगदी हात जोडून उठवलं. शेवटी तो म्हणाला, "आता बसायचंच नाही. दुकान सायकलवर."

हे इथवरच असतं तर सोपं होतं. सुरतेत सायकलवर दुकान मांडणारे पुष्कळ. कॅरिअरवर पेटी बांधायची आणि निघायचं, त्यात अक्कल कसली? पण सुकदेवच्या कॅरिअरवर शोभाबाई बसायची.

शोभाबाई म्हणजे त्याची बायको. बारा-तेरा वर्षं तिने लूमच्या कारखान्यात बसून सुताच्या कांड्या भरल्या. मुलगी हर्षदा, तिचं लग्न नवापूरला करून दिलं, आणि मग जणू आता हरकत नाही म्हणून शोभाबाई खोकायला लागली. आधी धुळीचा खोकला म्हणून काढा पिऊन झाला, मग अंगारा झाला, मग तपासणी झाली तेव्हा टीबी फार पुढे गेलेला होता. शहाण्णवच्या श्रावणात औषध सुरू झालं. गोळ्या होत्याच, शिवाय साठ सुया. रविवार सोडून रोज एक. उधन्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने सुकदेवला समोर उभं करून सांगितलं, "एक पण चुकवायची नाही. सण असो की काही असो, अकराच्या आत आणायचं. मधेच सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. मग माझ्यासमोर रडू नका."

सुकदेवने ते मनावर घेतलं. शोभाबाई दहा पावलं चालली की खाली बसायची. रिक्षा रोजची परवडणारी नव्हती, बसमधल्या गर्दीत ती गुदमरायची. म्हणून कॅरिअर. त्यावर त्याने गोधडीची घडी शिवून टाकली आणि मागच्या चाकाला पाय ठेवायला दोन्ही बाजूंनी लोखंडी दांड्या लावल्या. सकाळी तिला घेऊन निघायचं, सुई टोचून घ्यायची आणि जाता-येता रस्त्यात जे काम मिळेल ते करायचं. दुकान आणि बायको, दोन्ही एकाच सायकलवर.

मी म्हटलं, "अरे, पेटी तिच्या मांडीवर दे."

तो चिडला. मी त्याला चिडलेला तेवढाच पाहिला. "कॅरिअर रिकामं ठेवायचं, गुरुजी. ती जागा हिची. हिच्या अंगावर खिळासुद्धा ठेवायचा नाही."

मग तो एकेका हत्याराला जागा शोधत बसला. रोज संध्याकाळी ओट्यावर सायकल उलटी करायची आणि तिच्याकडे बघत राहायचं. हँडलची रबरी मूठ काढली की आत नळी पोकळ असते, त्यात स्पोक गेले. दुसऱ्या मुठीत लांब पेचकस. पाने चेनकव्हरच्या आत, जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून, म्हणजे खडखडत नाहीत. टायर काढायच्या पट्ट्या सीटखाली. सोल्युशन आणि ठिगळं दंतमंजनाच्या डबीत, ती डबी सीटच्या मागे. बेअरिंगचे छर्रे शोभाबाईच्या कुंकवाच्या करंड्यात, आणि तो करंडा कुठे, तर पुढच्या दिव्यात. दिव्याचा बल्ब त्याने कधीच काढून टाकला होता. हातोडीला आठ दिवस जागा मिळेना. शेवटी त्याने दांडा कापून अर्धा केला आणि ती पुढच्या चाकाच्या चिमट्याला उभी बांधली. पंप मधल्या दांडीला. हे सगळं अंगावर घेऊन ती सायकल सातव्या महिन्यातल्या बाईसारखी दिसायची. आमच्या ओळीतली पोरं हसायची, मीही हसायचो.

राहिलं घमेलं. पाण्याशिवाय पंचर सापडायचा कसा? ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं, ही जगाची रीत. पण घमेलं काही हँडलच्या नळीत जात नाही. दोन दिवस त्याने ते गळ्यात अडकवून बघितलं. तिसऱ्या दिवशी शोभाबाई म्हणाली, "आना ती ट्यूब आठे." तिने हवा भरलेली ट्यूब गालाजवळ धरली आणि हळूहळू फिरवत गेली. एके ठिकाणी थांबून तिने बोट ठेवलं. "आठे शे." सुकदेवने खूण केली, घरी नेऊन पाण्यात घातली, तर बुडबुडा बरोबर तिथेच. केसाएवढं छिद्र असलं तरी तिच्या गालाला कळायचं.

मग घमेलं घरी राहिलं. उधन्याच्या रस्त्याला मी कितीदा पाहिलंय, सुकदेव उकिडवा बसून टायर काढतोय, आणि फुटपाथच्या कडेला शोभाबाई डोळे मिटून कुणा अनोळखी माणसाची ट्यूब गालाशी फिरवतेय. जिचा स्वतःचा श्वास पायरी चढायला पुरत नव्हता, ती लोकांच्या ट्यूबमधून निसटणारी हवा पकडायची. पण खोटं कशाला सांगू, त्या दोन महिन्यांत ती सुधारत होती. चेहऱ्यावर थोडं पाणी आलं होतं. सुकदेव मला वाटेत भेटला की नमस्काराऐवजी आकडाच सांगायचा, "गुरुजी, एकेचाळीस झाल्या." "गुरुजी, पन्नास."

आता दसऱ्याचं सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी आदल्या वर्षीच्या दसऱ्यापासून सुरुवात करायला हवी.

दसऱ्याला आमच्याकडे कारागीर हत्यारं धुऊन, तेल लावून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू घालतो आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस विसावा. पंचाण्णवच्या दसऱ्याला मला डिंडोलीला मेव्हण्याकडे जेवायला जायचं होतं आणि नेमकी माझी सायकल पंचर. सुकदेवकडे गेलो. हत्यारं पाटावर मांडलेली. म्हटलं, "दोन मिनिटांचं काम आहे, मिस्त्री." तो म्हणाला, "गुरुजी, उद्या पहाटे करून देतो. आज नाही उचलत." मी आर्जवं केली, मग टोमणे मारले, मग तणतणत डिंडोलीपर्यंत चालत गेलो. पुरणपोळी गार झाली होती. मी लहान मनाचा माणूस आहे. ती गार पोळी मी वर्षभर लक्षात ठेवली.

शहाण्णवचा दसरा. सकाळी नऊचा सुमार असेल. मी ओट्यावर दाढी करत होतो. सुकदेवने सायकल बाहेर काढली आणि मी बघतच राहिलो. धुऊन पुसून लख्ख, हँडलला झेंडूची माळ, चाकांना हळदकुंकू. आणि सगळं काढून घेतलेलं. स्पोक नाहीत, पाने नाहीत, डबी नाही, पंपसुद्धा नाही. सगळं आत पाटावर विसावलं होतं. शोभाबाई नवं पातळ नेसून कॅरिअरवर बसली. त्या दिवशी चोपन्नावी सुई होती. तिने सीटवरून वाकून, हात लांब करून घंटी दाबली आणि ती खणखणीत वाजली. शोभाबाई लहान पोरीसारखी हसली. परत वाजवली. आमची उषाबाई, म्हणजे माझी बायको, ती दारात येऊन म्हणाली, "अगं बाई, हिला आवाज आहे की!"

निघता निघता सुकदेव थांबला. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, पंप तरी घेऊ का? पंप काही हत्यार नाही ना?"

त्याने खरंच विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर त्याने आत जाऊन पंप आणला असता, माझ्या एका शब्दावर. मी गालावरचा फेस पुसत म्हटलं, "का रे? गेल्या वर्षी माझ्या वेळेला पंप हत्यार होता. देवापुढचं उचलू नये, मिस्त्री. एक दिवस सायकलला हलकं जाऊ दे."

तो ओशाळला. "बरोबर आहे," म्हणाला, आणि निघाला. वळणापर्यंत घंटी ऐकू येत होती.

पुढचं मला सुकदेवने सांगितलं. एकदम नाही, महिना-दोन महिन्यांत तुकड्या-तुकड्याने, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून.

पांडेसरा ओलांडताना मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. सूं आवाज आला. सुकदेव उतरला. शोभाबाई उतरली, वाकली, टायरजवळ गाल नेला आणि म्हणाली, "आठे शे." हवा जायच्या आधी तिने जागा दाखवली. छिद्र सुईच्या टोकाएवढं. कुठे आहे ते ठाऊक, काय करायचं ते ठाऊक, करणारा समोर उभा, आणि हातात काही नाही.

नाक्यावर रघुनाथ पंचरवाला होता, नंदुरबारचा, ओळखीचा. त्याचं खोकं बंद होतं, पण तो मागेच राहायचा. सुकदेवने हाक मारली. रघुनाथ बाहेर आला. त्याच्या पाठीमागे उघड्या दारातून पाट दिसत होता, पाटावर हत्यारं, फुलं, उदबत्ती. तो म्हणाला, "मिस्त्री, आज कसं उचलू? तूच सांग."

"आणि मीच सांगितलं, गुरुजी," सुकदेव म्हणायचा. "मीच म्हटलं, राहू दे. तो उचलायला तयार झाला असता. दोनदा आत बघितलं त्याने. पण गेल्या वर्षी मी तुम्हाला परत पाठवलं होतं ना? मग आज स्वतःसाठी कोणत्या तोंडानं मागू? हिचं आजारपण पण सांगितलं नाही. लाज वाटली."

दवाखाना दोन-अडीच किलोमीटर राहिला होता. दहा वाजून गेलेले. सुकदेव तिला म्हणाला, "बठ, मी ढकलस."

ती बसेना. "पंचर गाडीवर कोनी बसस का? रिम वाकी जाई."

"जाऊ दे रिम."

"कसाले? नवी शे. मी चालस. थोडंच राह्यनं."

बारा वर्षं तिने ती पाटी पाहिली होती. रोज सकाळी कारखान्यात जाता जाता ती पाटी तीच तारेला टांगायची. लोक पंचर सायकलवर तसेच बसून आले की सुकदेव त्यांच्यावर किती ओरडायचा, हे तिने बारा वर्षं ऐकलं होतं. आता नवऱ्याची रिम ती कशी वाकवणार? त्याने रिक्षा बघितली. रिक्षा धुणं आणि हार घालणं चाललं होतं, एकदोन गेल्या त्या भरून गेल्या. तो हाताला धरून बसवायला लागला तेव्हा ती रागावली, म्हणाली रस्त्यात तमाशा नको. मग कॅरिअरला धरून चालायला लागली. पुढे सुकदेव सायकल धरून, मागे ती कॅरिअर धरून. कॅरिअरवर गोधडीची घडी, आणि त्यावर कुणी नाही.

ऑक्टोबरचं ऊन. ती शंभर पावलं चालायची, बसायची, परत उठायची. सुकदेव म्हणाला की तिने वाटेत एकदाही 'दमले' म्हटलं नाही, फक्त "किती वाजले" विचारलं. उधन्याला फरसाणच्या दुकानापुढे फाफडा-जलेबीची रांग लागली होती, दसऱ्याला सुरतेत लागते तशी. त्या रांगेजवळ ती खाली बसली, खोकली, आणि नवं पातळ रक्ताने भरलं. तेव्हा रांग मोडली, तेव्हा कुणीतरी हार घातलेली रिक्षा थांबवली, तेव्हा सगळं मिळालं. सुकदेवने रांगेतल्या घड्याळवाल्याला वेळ विचारली. अकरा वाजून पाच मिनिटं.

तिला दवाखान्यात नव्हे, थेट मोठ्या इस्पितळात नेलं. चार दिवस होती. कोजागिरी उजाडली तेव्हा ती नव्हती.

डॉक्टर चांगला होता. तो म्हणाला आजार आतून फार पसरला होता, त्या दिवशी नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी हेच झालं असतं. असेल. मी विज्ञान शिकवतो, मला पटायला हवं. मला पटलेलं नाही. ती पन्नासाच्या वर सुया घेऊन हसत घंटी वाजवत गेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सायकल फरसाणच्या दुकानासमोर तशीच पडून होती. पाचव्या दिवशी मी आणि सुकदेव ती आणायला गेलो. माळ सुकली होती. सुरतेत नजर हलली की सायकल जाते, पण ही कुणी नेली नव्हती. सुकदेवने मागची रिम फिरवून बघितली. एक डोळा मिटून, नेहमीसारखी. जराही वाकली नव्हती. तो तिथेच फुटपाथवर बसला आणि रिमवर डोकं आपटून रडला. मला त्याला उठवता येईना. 

हत्यारं पाटावर तशीच होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती उचलायची असतात, ती कुणी उचलली नाहीत. फुलं काळी पडली. शेवटी उषाबाईने जाऊन निर्माल्य काढलं. हर्षदा आली, तेरा दिवस राहिली, आणि बापाला नवापूरला चला म्हणून रडून परत गेली.

एका संध्याकाळी मी धीर केला. म्हटलं, "मिस्त्री, पंप मी नको म्हटला होता."

त्याने सायकलचं मागचं चाक एकदा फिरवलं. मग म्हणाला, "नुसत्या पंपानं काय झालं असतं, गुरुजी? सोल्युशन पण लागतं."

तो मला माफ करून सोडत होता. काट्याच्या पंचरला दर फर्लांगाला हवा मारत माणूस कोसभर जातो, हे त्याला ठाऊक होतं. मलाही. मी लहान असताना अमळनेरला तसाच घरी आलेलो आहे. त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या असत्या तर मी त्याच्या दारावरून जाताना मान वर करू शकलो असतो. तो आजही मला गुरुजी म्हणतो, आणि सणवार आला की विचारायला येतो, हे करू का, ते करू का. मी म्हणतो, उषाबाईला विचार.

महिन्याभराने तो कामाला निघाला. मी शाळेच्या दारात उभा होतो. पोरांच्या सायकलींपाशी तो थांबला होता, बमरोलीतल्याच एका गुजराती कारागिराची ट्यूब बघत होता. घमेल्यात पाणी ओतून ट्यूब बुडवली होती आणि बुडबुड्याची वाट बघत होता. हत्यारं सगळी लाकडी पेटीत, पेटी कॅरिअरवर दोरीने घट्ट बांधलेली, गोधडी काढून टाकलेली. हँडल रिकामं, दिवा रिकामा, सीटखाली काही नाही.

गिऱ्हाईक जुनं होतं. त्याने दोन महिने सुकदेवला हँडलच्या नळीतून स्पोक आणि दिव्यातून छर्रे काढताना पाहिलं होतं. तो हसून म्हणाला, "काका, पेटी तो पाछळ मस्त बेठी छे. पेलेथी ज केम नी मूकी?" पेटी मागे इतकी छान बसते, तर आधीच का नाही ठेवली, म्हणून.

मला वाटलं आता हा कोसळणार. मी दोन पावलं पुढे झालो.

सुकदेवने ठिगळ अंगठ्याने दाबून धरलं होतं. ते चिकटेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही. मग ट्यूब आत सरकवली, टायर बसवला, हवा भरली, हात पुसले.

"पेला जगा नोती, भाई," तो म्हणाला. आधी जागा नव्हती.

मग सायकलवर बसला. पुढे शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती, त्यांच्यासाठी त्याने घंटी वाजवली. ती खणखणीत वाजली.